आधी रिकामी घरं मोजा, मग नवं नागपूर बांधा

प्रति,
'नवीन नागपूर'चा निर्णय घेणारे मंत्रिमहोदय, महानगराचं नियोजन करणारे अधिकारी आणि त्यांचे सल्लागार यांस,

स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'नवीन नागपूर'ला मंजुरी दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधणी (रिठी) आणि लाडगाव इथली सुमारे ६९२ हेक्टर जमीन, तिच्यावर आंतरराष्ट्रीय व्यवसाय आणि वित्तीय केंद्र, शहराभोवती १४८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता, आणि या सगळ्यासाठी हुडको या घरबांधणीला आणि शहरांना कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून हजारो कोटींचं कर्ज. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ती बातमी टाकली आणि खाली लिहिलं, 'आता रेट वाढणार.' लगेच पाच-सहा अंगठे आले. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी एकही जण आमच्या इमारतीत राहत नाही. त्यांचे फ्लॅट आहेत, कुलपं आहेत, माणसं नाहीत.

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर वर्धा रोड आणि उमरेड रोडच्या मधल्या पट्ट्यात, रिंग रोडच्या बाहेर, एका फ्लॅट स्कीममध्ये राहायला आले. ८४ फ्लॅट. सगळे विकले गेलेले. राहती कुटुंबं तिसेक. सोसायटीची सचिव मी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. विकलेल्या घराची फाइल कशी दिसते हे मी नोकरीत पाहिलं, आणि त्यात कोणी राहायलाच आलं नाही तर त्या घराचं पुढे काय होतं हे आता रोज पाहते. या पत्रामागचा अधिकार एवढाच.

नागपूर वाढू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमची पोरं शिकतात इथे आणि पगार घेतात पुण्यात, बंगळूरमध्ये. ती इथेच राहावीत, त्यांना इथेच काम मिळावं, यासाठी कोणी काही करत असेल तर मी टाळ्या वाजवायला सगळ्यात पुढे असेन. पण काम आधी येतं की इमारत, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही इमारतीच्या बाजूनं दिलेलं दिसतं, आणि ते मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

रिकामं घर म्हणजे नुसतं बंद दार असं तुम्हाला वाटत असेल, तर आमच्या इमारतीत या. घराची नाहणी तुम्हाला माहीत असेलच. तिच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं आणि ते पाणीच ड्रेनेजच्या वासाला अडवून धरतं. घरात कोणी आंघोळच करत नसेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात ते पाणी बघता बघता वाळतं. मग वास आणि झुरळं पाइपातून वर येतात, आधी रिकाम्या फ्लॅटमध्ये आणि तिथून डक्टमधून शेजारच्या राहत्या घरात. ज्या मालकांनी किल्ली ठेवली आहे त्यांच्याकडे आमचा वॉचमन अधूनमधून जाऊन बादलीभर पाणी ओतून येतो. ज्यांनी ठेवली नाही त्यांच्या शेजारणी माझ्या दारात उभ्या राहतात.

इमारतीच्या मागे सांडपाण्याचा प्लांट आहे, ८४ कुटुंबांच्या हिशेबानं बांधलेला. त्यातले जिवाणू घाणीवर जगतात आणि घाण माणसांकडून येते. माणसंच निम्म्याहून कमी, त्यामुळे जिवाणू उपाशी. प्लांट बघणारा मुलगा अधूनमधून बादलीत शेण आणि गूळ कालवतो आणि टाकीत ओततो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "मॅडम, याइले खायलेच नाई भेटत काई, मरून जातेत." हवा सोडणारी मोटर मात्र पूर्ण क्षमतेची आहे आणि तिचं बिलही पूर्ण येतं. लिफ्टचं वार्षिक कंत्राट, आगीच्या पंपाची तपासणी, वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, यांतलं काहीच माणसं कमी म्हणून कमी होत नाही. तीस घरांनी ८४ घरांचा संसार ओढायचा. बाहेरच्या मालकांना फोन केला तर एकच वाक्य ऐकू येतं, 'मी तर राहतच नाही, मला कशाचा मेंटेनन्स?' सर्वसाधारण सभेला गणपूर्ती २० सभासदांची लागते. राहणाऱ्यांतले काही भाडेकरू, ते सभासद नाहीत. उरलेल्यांत कोणाची रात्रपाळी, कोणाच्या घरी लग्न. सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा भरवायची, हा आता आमच्याकडे रिवाजच झाला आहे.

तळमजल्यावर तीन गाळे आहेत. एकात किराणा दुकान निघालं होतं. दुकानदार बिचारा चांगला होता, पण दुधाची किती पाकिटं मागवायची हेच त्याला ठरवता येईना. कधी नासायची, कधी पुरायची नाहीत. तो गेला. सिटी बस मेन रोडवरून निघून जाते, आत येत नाही. चौकशी केली तर सांगतात की प्रवासी नाहीत. पाण्याची लाइन कधी येणार म्हणून एका ऑफिसात विचारलं तर साहेब म्हणाले, वस्ती झाली की टाकू. लोकांना विचारा, राहायला का येत नाही? ते म्हणतात, पाण्याची लाइन आली की येऊ. तोवर टँकर. टँकरवाल्याचा धंदा मात्र जोरात आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही एका इमारतीची रड आहे. एवढी घरं घेतली कशाला जातात आणि घेऊन रिकामी का ठेवली जातात, याचा हिशेब मी नोकरीत शेकडो फायलींमध्ये पाहिला आहे, तो थोडक्यात सांगते. फ्लॅट ४५ लाखांचा. ३६ लाख कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज; महिन्याचा हप्ता ३१ हजारांच्या वर. आमच्या भागात भाडं दहा-साडेदहा हजार. म्हणजे वर्षाला सव्वा लाख, किमतीच्या पावणेतीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, टॅक्स, एजंट, रंगरंगोटी वजा करा. एवढ्यासाठी भाडेकरूची कटकट नको, हा विचार कोणीही व्यवहारी माणूस करतो. शिवाय भाडेकरू बसला तर, ही भीती आहेच. कोरा फ्लॅट पुढे चढ्या भावानं विकता येतो आणि वापरलेला उतरतो, हा समजही आहे. त्यात २०१९ च्या अर्थसंकल्पानं दुसरं घरही स्वतःच्या राहण्याचं दाखवायची सोय केली. त्या घरावर काल्पनिक भाडं धरून लागणारा कर गेला. आधी रिकाम्या घराची थोडी तरी झळ बसायची, तीही थांबली.

सगळेच गुंतवणूकदार नसतात, हेही मान्य. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पुण्यात नोकरी करणाऱ्या जोडप्यानं घेतला, महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या घरात राहणाऱ्या आईवडिलांसाठी. आईवडील गृहप्रवेशाला आले, गॅलरीत उभे राहून त्यांनी मोकळी हवा घेतली आणि संध्याकाळी परत महालात गेले. तिथे खाली उतरलं की भाजी, डॉक्टर, देऊळ, चार ओळखीची माणसं. इथे काय? चुकलं कोणाचं असं मी म्हणणार नाही. पण त्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला जातो आणि बाथरूममध्ये आमचा वॉचमन पाणी ओततो.

हे एकट्या नागपूरचं दुखणं नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या तांत्रिक गटानं शहरांत पावणेदोन कोटींहून जास्त, म्हणजे १ कोटी ८८ लाखांच्या आसपास घरांची कमतरता असल्याचं सांगितलं. कमतरतेतला ९५ टक्क्यांच्या आसपास वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा. घरं पडून आहेत आणि घरं हवीही आहेत. ज्यांच्याकडे घर नाही त्यांच्यासाठी ती बांधलेलीच नाहीत. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत रिकाम्या घरांच्या यादीत महाराष्ट्र पहिला आला, वीस लाखांच्या आसपास घरांसह. आपल्या नागपूरची लोकसंख्या २०११ मध्ये २४ लाख, त्यांतले साडेआठ लाख झोपडपट्टीत. त्यांच्यापैकी कितीजणांना ४५ लाखांचा फ्लॅट परवडतो, हे सांगायला बँकेत नोकरी केलेली बाई लागत नाही.

आणि हे आकडे २०११ चे आहेत. त्यानंतर मिहानच्या, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पाच्या, आजूबाजूला, बेसा-बेलतरोडीकडे, हिंगणा रोडवर, जामठ्याच्या पुढे किती इमारती झाल्या ते तुम्ही विमानातून उतरतानाही पाहता. त्यांत किती घरं राहती आहेत? ६९२ हेक्टरवर नवी घरं आणि ऑफिसं बांधण्याआधी जुनी किती वापरात आहेत हा प्रश्न ज्या बैठकीत कोणी विचारला, त्या बैठकीचं इतिवृत्त मला वाचायला मिळालं तर मी आभारी राहीन.

तुमचे सल्लागार दाखले देतात तेव्हा ते वांद्रे-कुर्ला संकुलाचे असतात, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राचे असतात. बीकेसी मुंबईत झालं, जिथे बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या आधीपासून होत्या आणि जागेसाठी घुसमटत होत्या. गिफ्ट सिटीची कल्पना २००७ ची. केंद्र सरकारनं तिच्यासाठी खास कायदा केला, वेगळं नियामक प्राधिकरण २०२० मध्ये नेमलं, तेव्हा कुठे तिथे गती आली. नागपूरला वित्तीय केंद्र होणार, तर कोणती बँक, कोणता विभाग, किती कर्मचारी, कोणत्या वर्षी? वित्तीय क्षेत्रात मी टेबलावर बसून आयुष्य काढलं. काचेची इमारत बघून कोणती बँक आपलं मुख्यालय हलवते हे मला तरी ठाऊक नाही.

बाहेरचे दाखले द्यायचेच तर चीनमधल्या ऑर्डोसचाही द्या. कोळशाच्या पैशावर त्या शहरानं कांगबाशी नावाचा नवा भाग उभा केला. आखणी दहा लाख माणसांची, पुढे लक्ष्य तीन लाखांवर आणलं. भले मोठे चौक, संग्रहालय, ग्रंथालय, रुंद रस्ते, आणि वर्षानुवर्षं रस्त्यावर चिटपाखरू नाही. आता तिथे सव्वा लाखाच्या आसपास लोक आहेत, म्हणजे शहर अगदीच ओसाड राहिलं नाही, हे खरं. पण ते भरलं कशानं? सरकारनं आपली कार्यालयं तिथे नेली आणि गावातली सगळ्यात नावाजलेली शाळाही तिथे हलवली. शाळेमागे आईबाप आले. इमारती तर त्याआधीही होत्याच.

इतकं लांब जायचं नसेल तर हावडा मेलमध्ये बसा आणि रायपूरला उतरा. नवा रायपूरमध्ये मंत्रालय २०१२ मध्ये गेलं. कर्मचारी पुढे कितीतरी वर्षं सकाळी बसनं जायचे आणि संध्याकाळी जुन्या रायपूरला परत यायचे. रस्ते असे की नागपूरच्या माणसाला हेवा वाटावा. फक्त त्यांवर गर्दी नाही. आणि आपल्याच राज्यातलं लवासा २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. तिथे ज्यांनी घरासाठी पैसे भरले त्यांची नावं कोणाच्या भाषणात येत नाहीत.

मिहानबद्दल लिहिताना मी हात आखडता घेते, कारण मिहान फसलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोठ्या आयटी कंपन्या आल्या, विमान दुरुस्तीचं केंद्र झालं, आमच्या इमारतीतली दोन मुलं तिथेच नोकरीला आहेत. पण मिहान उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची वावरं गेली. आज वीस वर्षांहून जास्त काळानंतर मिहानमधून गाडीनं जा. एका बाजूला चकाचक कॅम्पस आणि दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, आत गवत. भूखंड घेतला, फलक लावला आणि पुढे काही केलं नाही, अशा जागा अजून आहेत. त्या आधी भरल्या असत्या तर हिंगण्याकडे हात पसरायची गरज किती उरली असती? हा हिशेब जाहीर व्हायला हवा.

आणि शहराच्या आतलं काय? 'घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं' अशी गत आहे. ५७२ ले-आउट, १९०० ले-आउट, म्हणजे मंजुरीविना पडलेल्या आणि नंतर नियमित करायला घेतलेल्या प्लॉटच्या वस्त्या, हे आकडे नागपूरच्या माणसाला पाठ आहेत. प्लॉट घेतला, गुंठेवारीत अर्ज केला, डिमांड नोट आली, विकास शुल्क भरलं, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालं, आणि मग सुरू झालं रस्ता, गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) आणि पाण्याची वाट बघणं. अशा वस्त्यांत लोक राहतात, भरगच्च राहतात. पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर रिक्षा येत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून मेन रोडपर्यंत आणलेलं मी पाहिलं आहे. जिथे माणसं आहेत तिथे सोयी नाहीत आणि जिथे सोयींचे नकाशे तयार आहेत तिथे अजून माणूस नाही. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ पासून आहे. महानगर प्राधिकरण २०१७ मध्ये झालं आणि त्याच्याकडे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा परिसर आला, सातशेहून जास्त गावं. एवढ्या पसाऱ्यात आधी कोणाकडे बघायचं याचा क्रम कोण लावतं?

मला क्रम लावणाऱ्यांचीही अडचण दिसते. विकास शुल्क, प्रीमियम, भूखंडांची विक्री, यांतून प्राधिकरणांचं घर चालतं. जमीन विकली, नकाशा मंजूर झाला की पैसे येतात. त्यात पुढे कोणी राहायला आलं की नाही, यानं जमाखर्चात एका रुपयाचा फरक पडत नाही. चीनमधल्या नगरांची सरकारं अशीच जमिनीच्या विक्रीवर जगत होती. २०२१ मध्ये तिथली एव्हरग्रँडसारखी अवाढव्य बांधकाम कंपनी कर्ज फेडू शकली नाही, तेव्हा घरं घेणारे, बांधणारे आणि जमीन विकणारे सगळेच अडकले. आपलं प्राधिकरणही आता हजारो कोटींचं कर्ज काढतं आहे. ते फेडायचं तर जमीन चढ्या भावानं विकली गेली पाहिजे. भाव चढा राहायचा तर रेट वाढणार म्हणणारी माणसं पाहिजेत. राहणाऱ्याची गरज या साखळीत कुठे लागते ते मला सापडलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरलं. ओढे-नाले कुठून वाहतात हे विसरून बांधत गेलं की काय होतं, हे त्या एका पहाटेनं दाखवलं. हिंगण्याच्या त्या ६९२ हेक्टरवर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, याचा नकाशा काचेच्या इमारतींच्या चित्राआधी लोकांसमोर यावा, एवढंच याबद्दल लिहिते.

मी त्या भागात जाऊन आले. पऱ्हाटी उभी होती, मध्ये तुरीच्या ओळी. धुऱ्यावर बसलेले एक काका भेटले. प्रकल्पाला विरोध आहे का, असं विचारलं. म्हणाले, "पैसा भेटन बाई, देतीन ते. पण तेवढ्या पैशात वावर कोठी भेटन आता?" २०१३ चा भूसंपादन कायदा बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतो. प्रकल्पाची घोषणा झाली त्या दिवसापासून आजूबाजूचे भाव पुढच्या दहा वर्षांचे होतात. शेतकऱ्याला मोबदला मागच्या भावानं आणि नवी जमीन घ्यायची पुढच्या भावानं. कागदावर दुप्पट, चौपट दिसणारी रक्कम प्रत्यक्षात किती एकर जमीन आणते, हे एखाद्या अधिकाऱ्यानं त्या काकांसोबत तालुक्यात फिरून बघावं.

हे सगळं ठरलं कधी? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली आहे, जिच्यात दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यायला हवेत. शहराच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय प्रशासकांच्या काळात झाला, हे माझ्यासारखीला खटकतं.

माझ्या मागण्या अशा:

एक. रिकाम्या घरांची मोजणी करा. अवघड नाही. महानगर क्षेत्रातल्या ज्या घरगुती वीज मीटरांवर वर्षभर शून्य किंवा नाममात्र युनिट पडले, त्यांची संख्या प्रभागनिहाय, ग्रामपंचायतनिहाय काढा. नावं नकोत, नुसते आकडे. २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीत रिकाम्या घरांची नोंद होतेच. नागपूर महानगराचे ते आकडे आले की शेजारी मांडा. दोन्ही आकडे जाहीर होईपर्यंत नवीन नागपूरमध्ये घरबांधणीचा एकही नकाशा मंजूर करू नका.

दोन. मिहानमधले वाटप झालेले पण मोकळे भूखंड, त्यांचं क्षेत्र, वाटपाचं वर्ष आणि दिलेल्या मुदतवाढी, हे सगळं एका तक्त्यात संकेतस्थळावर टाका.

तीन. ६९२ हेक्टर एका दमात घेऊ नका. पहिला टप्पा छोटा करा. दुसऱ्या टप्प्याच्या जमिनीला हात लावण्याआधी पहिल्यातली घरं आणि ऑफिसं किती वापरात आली ते बघा. विक्रीचा आकडा चालणार नाही, वापराचा हवा. तोवर पुढच्या टप्प्यातल्या शेतकऱ्यांना पेरू द्या, विकू द्या, कर्ज काढू द्या. त्यांच्या सातबाऱ्यावर आरक्षणाचा शिक्का मारून त्यांना अधांतरी ठेवू नका.

चार. संपादित जमीन पाच वर्षं वापराविना पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेला परत जावी, असं २०१३ च्या कायद्याच्या कलम १०१ मध्ये आहे. त्यातला 'किंवा' काढा. जमीन मालकालाच परत मिळेल असं आजच करारात लिहून द्या. जमीन थेट खरेदीनं घेणार असाल तरी हेच कलम त्या खरेदीखतात घाला.

पाच. खासगी टॉवरच्या आधी सरकार तिथे जाऊ द्या. कोणती सरकारी कार्यालयं, कोणती सरकारी शाळा, कोणतं रुग्णालय, कोणत्या मार्गाची बस, ते वर्षासह जाहीर करा. मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि कापसीकडे जातोय, त्याला ही जागा कशी जोडणार तेही सांगा. मोठ्या साहेबांची कार्यालयं सिव्हिल लाइन्सच्या झाडाखाली आणि बाकीच्यांनी नव्या शहरात, असं होऊ नये.

सहा. हुडकोच्या कर्जाच्या परतफेडीचं वेळापत्रक आणि त्यामागचा जमीनविक्रीचा अंदाज जाहीर करा. कोणता भाव धरलाय, दर वर्षी किती विकली जाईल असं धरलंय? कर्जाची फाइल मंजूर करताना आम्ही एखाद्या शिक्षकाकडूनही पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म सोळा मागायचो. इथे हमी राज्याच्या तिजोरीची आहे, म्हणजे आमची.

सात. ५७२ आणि १९०० ले-आउटमधल्या ज्या वस्त्यांनी विकास शुल्क भरलंय, तिथलं राहिलेलं काम किती आणि त्याला खर्च किती, याची यादी काढा. नवीन नागपूरच्या रस्त्याची पहिली निविदा निघेल त्याच दिवशी या यादीतल्या कामांचीही निघाली पाहिजे.

आठ. रिकामं घर भाड्यानं द्यायला लोकांना उत्तेजन द्या. कॅनडातल्या व्हँकुव्हरनं २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावला. मी लगेच कर लावा म्हणत नाही. आपल्याकडे त्यातून पळवाटाच जास्त निघतील. नोंदणीकृत करार करून घर भाड्यानं देणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्या, करार मोडणाऱ्या भाडेकरूची तक्रार ठरावीक मुदतीत निकाली काढा. नवीन नागपूरमध्ये बांधाल त्या घरांतला मोठा वाटा छोट्या, भाड्याच्या घरांचा ठेवा, म्हणजे त्या काचेच्या इमारती झाडणाऱ्या-पुसणाऱ्यांना रोज टेम्पोत उभं राहून यावं लागणार नाही.

या पत्राचं उत्तर प्रसिद्धिपत्रकानं देऊ नका, ही विनंती. ज्यांची जमीन जाणार आहे त्यांच्या ग्रामसभेत येऊन द्या. सभेची तारीख पंधरा दिवस आधी कळवा, पेरणीच्या आठवड्यात ठेवू नका. मीही येईन आणि शून्य युनिटच्या मीटरांचा आकडा सगळ्यांसमोर विचारेन.

कळावे,
एका फ्लॅट स्कीमची सचिव,
नागपूर